‘इंग्रजीचेच शिक्षक का?’ : मुलाखत मंडळांना एक खुले पत्र

प्रति,
इंग्रजी शिक्षकांच्या मुलाखती घेणारे संस्थाचालक, मुख्याध्यापक आणि विषयतज्ज्ञ

स. न. वि. वि.

जूनच्या तोंडावर पुन्हा मुलाखती लागतील. ऑफिसबाहेरच्या बाकावर मांडीवर फाइल घेऊन उमेदवार बसतील, आत चहा-बिस्किटं येतील आणि नाव, गाव, शिक्षण झालं की कुणीतरी विचारेल, ‘इंग्रजीचेच शिक्षक का व्हावंसं वाटलं?’ उमेदवार सावरून बसतो. लहानपणापासून शिकवण्याची आवड, मुलांचा लळा, इंग्रजी ही जगाची भाषा. तीन वाक्यांत उत्तर संपतं, तक्त्यात दहापैकी सात पडतात आणि पुढचा उमेदवार आत येतो. उत्तर पाठ केलेलं आहे हे त्यालाही माहीत असतं आणि तुम्हालाही.

आम्ही बी.एड.ला इंग्रजी अध्यापन पद्धती शिकवणारे, सराव पाठांना मागच्या बाकावर बसणारे आणि अधूनमधून तुमच्याच मंडळांवर विषयतज्ज्ञ म्हणून येणारे लोक आहोत. हा प्रश्न काढून टाका, असं आमचं म्हणणं नाही. भरतीच्या बाकीच्या सगळ्या चाळण्यांत तो कुठेच विचारला जात नाही, म्हणून तर तो जपायला हवा. पण आज तो ज्या रीतीने विचारला जातो त्यातून हाती काही लागत नाही. आणि चुकून खरं उत्तर आलंच, तर त्याचा अर्थ कसा लावायचा हे मंडळाने ठरवलेलं नसतं. मग ‘पगार चांगला आहे’ म्हणणारा खरा माणूस बाहेर जातो आणि ‘राष्ट्र घडवायचंय’ म्हणणारा आत येतो.

आधीच्या चाळण्यांत काय तपासलं जातं ते एकदा बघा. सहावी ते आठवीच्या शिक्षकाला टीईटीचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा, दुसरा पेपर द्यावा लागतो. दीडशे बहुपर्यायी प्रश्न, अडीच तास, उत्तीर्ण व्हायला खुल्या गटात ९० गुण. त्यात बालमानसशास्त्राला ३०, पहिल्या भाषेला ३०, दुसऱ्या भाषेला ३० आणि उरलेले ६० गुण गणित-विज्ञानाला किंवा सामाजिक शास्त्रांना. म्हणजे इंग्रजी घेऊन बी.ए. झालेल्याने इंग्रजीच शिकवायचं ठरवलं, तरी त्याला सर्वांत जास्त गुण मिळवायचे असतात इतिहास-भूगोलात. त्यानंतर टेट, म्हणजे अभियोग्यता आणि बुद्धिमत्ता चाचणी: २०० प्रश्न, १२० मिनिटं, संगणकावर. या दोन्ही परीक्षांत उमेदवाराला तोंड उघडून इंग्रजीचं एक वाक्यही बोलावं लागत नाही. स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांत तर पुढे मुलाखतही नाही, यादी लागते आणि नेमणूक होते. तेव्हा इंग्रजीचा शिक्षक बोलतो कसा, आणि त्याला हे काम करायचंय तरी का, हे विचारायला अख्ख्या रस्त्यावर एकच जागा उरते. ती तुमची खोली.

माणसं शिक्षक का होतात यावर अभ्यास बरेच झाले आहेत. ढोबळ कप्पे तीन: इतरांसाठी काही करावं ही इच्छा, विषयाची किंवा शिकवण्याची गोडी, आणि पगार-सुट्ट्या-स्थैर्य यांसारखे लाभ. हेलन वॉट आणि पॉल रिचर्डसन यांनी ऑस्ट्रेलियात तयार करून २००७ मध्ये मांडलेल्या मोजपट्टीत आणखी एक खाना आहे, ‘दुसरं काही जमलं नाही म्हणून’. तिकडे तो निमूटपणे भरता येतो. आपल्याकडे मुलाखतीत तो उघडला की उमेदवार गेलाच. पण हे कप्पे गणिताच्या शिक्षकालाही लागू, चित्रकलेच्या शिक्षकालाही. इंग्रजीच्या शिक्षकाची कारणं त्यांत नीट बसत नाहीत. ती कोणती, आणि वर्गात गेल्यावर त्यांतलं प्रत्येक कारण काय रंग दाखवतं, एवढंच या पत्रात सांगायचं आहे.

अपघातापासून सुरुवात करू, कारण बरेचसे उमेदवार तिथूनच येतात. बारावी आर्ट्सनंतर स्पेशल विषय निवडायची वेळ येते. इतिहास, राज्यशास्त्र, मराठी यांच्या पदवीधरांची रांग लांब, आणि ‘इंग्रजीला जागा निघतात’ हा सल्ला कुणा चुलत भावाने दिलेला असतो. मग एम.ए. दोन वर्षं शेक्सपिअर, रोमँटिक कवी, समीक्षेचे सिद्धांत. त्यानंतर सीनिअर कॉलेजच्या आशेवर नेट-सेट, तासिका तत्त्वावर एक-दोन वर्षं, मध्येच एमपीएससीचे दोन प्रयत्न, आणि मग बी.एड. या माणसाला आठवीच्या वर्गात सोडलं की तो आपल्या एम.ए.च्या सरांनी केलं तेच करतो: धडा मोठ्याने वाचतो, ओळीओळीचं मराठी सांगतो, प्रश्नोत्तरं फळ्यावर लिहून देतो. त्याला आळस नसतो. आठवीतल्या मुलाला वाचताच येत नसेल तर काय करायचं, हे दोन वर्षांच्या एम.ए.त एका पानावरही नव्हतं.

म्हणून ‘अपघाताने आलात का?’ हे विचारू नका, आलेलाच असतो. विचारायचं ते पुढचं. २०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचं झालं आणि शाळेतला अनुभव २० आठवड्यांचा, त्यातले १६ दुसऱ्या वर्षात. ‘त्या सोळा आठवड्यांत तुम्हाला एक असं मूल आठवतं का, ज्याला इंग्रजी वाचता येत नव्हतं? त्याला नेमकं काय येत नव्हतं?’ अपघाताने येऊन वर्गात रमलेला माणूस लगेच सुरू होतो: त्याला अक्षरं यायची, पण ‘सी-ए-टी कॅट’ असं पाठ होतं, म्हणून ‘कॅप’ समोर आलं की तो अडायचा, अक्षरांची नावं माहीत होती, आवाज माहीत नव्हते. एवढं सांगणाऱ्याला घ्या, मग तो एमपीएससीच्या कितीही वाऱ्या करून आलेला असो. ‘काही मुलं कच्ची होती, त्यांना एक्स्ट्रा तास घेतले’ एवढ्यावर थांबणारा अजून वाट बघतोय, त्याची गाडी वेगळी आहे.

पगाराचं कारण आपण उगाच लाजेचं केलं आहे. नव्या शिक्षकाची पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून ठरावीक मानधनावर, आणि ते मानधन जानेवारी २०२३ पासून प्राथमिकला १६ हजार, माध्यमिकला १८ हजार, उच्च माध्यमिकला २० हजार. त्याआधी हेच आकडे सहा, आठ आणि नऊ हजार होते. या रकमेवर तीन वर्षं काढायची हे ठरवून जो येतो त्याने हिशेब केलेला असतो, आणि हिशेब करून आलेला माणूस सहसा मध्येच उठून जात नाही. इंग्रजी माध्यमाच्या शाळांत ‘घर जवळ आहे, मुलगी याच शाळेत आहे, फीमध्ये सवलत मिळेल’ म्हणून येणाऱ्या शिक्षिका असतात. मंडळातले पुरुष सदस्य या उत्तराला हसतात. हसू नये. मुलगी दहावी होईपर्यंत ती शिक्षिका कुठे जात नाही, आणि एकाच शाळेत दहा वर्षं राहिलेल्या भाषाशिक्षिकेची किंमत दरवर्षी नव्या शिक्षकाची वाट बघणाऱ्या मुख्याध्यापकाला विचारा. तिच्याबाबत पाहायचं ते वेगळंच. आपलं बोलणं सफाईदार आहे म्हणून आपल्याला शिकवता येईल, असं तिने धरून ठेवलं आहे का? बालवाडीपासून इंग्रजीत शिकलेल्या माणसाला ही भाषा आपल्याला कशी आली हे आठवत नाही, आणि मूल का चुकतं हे बहुधा कळत नाही. यावर उपाय आहे, पुढे येतो.

पैशाच्या बाबतीत इंग्रजीची एक अडचण मात्र खरी आहे. या विषयाला शाळेबाहेर बाजार आहे. स्पोकन इंग्लिशची बॅच, बँकेच्या परीक्षांचे क्लास, परदेशी जाणाऱ्यांच्या चाचण्यांची तयारी, आणि हल्ली घरबसल्या ऑनलाइन तास. भूगोलाच्या शिक्षकाला ही ओढ नाही. ‘खासगी शिकवणी घेणार नाही’ असं लिहून घेतल्याने ती जात नाही, उमेदवार मुकाट सही करतो. त्यापेक्षा सरळ विचारा, ‘बाहेर क्लास काढलात तर जास्त मिळतील, मग शाळा कशाला?’ इथे पाठ केलेलं उत्तर नसतं. ‘क्लासला येणारं मूल स्वतःहून येतं, शाळेत स्वतःहून न आलेलंही बसलेलं असतं’, अशा धाटणीचं काही आलं तर कान टवकारा.

तिसरं कारण प्रतिष्ठेचं. गावात ‘इंग्रजीचे सर’ म्हटलं की बँकेचा फॉर्म, दवाखान्याचा रिपोर्ट, विम्याचं पत्र सगळं त्यांच्याकडे येतं. हा मान काही जणांना फार हवासा वाटतो, आणि आमच्या मते सर्वांत जपून राहावं असं कारण हेच. मानासाठी आलेला शिक्षक अडला तरी अडलो म्हणत नाही. मुलाने शब्दाचा उच्चार विचारला की दरडावतो, शब्दकोश टेबलावर ठेवत नाही कारण तो उघडताना मुलांना दिसेल, आणि साधं वाक्य अवघड शब्दांत सांगतो. त्याच्या वर्गात मुलं प्रश्न विचारायची बंद होतात, आणि हे तपासणीत कधी दिसत नाही कारण शांत वर्ग साहेबांना आवडतो. ओळखायचा मार्ग सोपा: मुलाखतीत एक शब्द असा विचारा जो मंडळातल्या कुणालाही नीट येत नाही. ‘माहीत नाही, बघून सांगतो’ हे पाच सेकंदांत बोलता येतं का ते बघा.

‘आमचे अमुक सर होते, त्यांच्यामुळे’ हे चौथं, आणि ऐकायला सर्वांत गोड. याबद्दल डॅन लॉर्टी नावाच्या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९७५ मध्ये एक हिशेब मांडला होता: शाळा संपेपर्यंत प्रत्येक विद्यार्थी सुमारे १३ हजार तास शिक्षकांना समोरून पाहतो. म्हणजे शिक्षक होण्याची उमेदवारी बी.एड.च्या खूप आधी झालेली असते, पण ती अर्धवट. सरांनी काय केलं ते दिसलं. का केलं, आदल्या रात्री काय ठरवलं, काय गाळलं, ते दिसलं नाही. आवडत्या सरांची नक्कल म्हणून भाषांतर पद्धत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. महाराष्ट्रात इंग्रजी पाचवीपासून होती. २००० साली ती पहिलीपासून आली. पाचवीत मराठी पक्की झालेल्या मुलाला भाषांतर करून शिकवणं चाललं, कारण ज्यात भाषांतर करायचं ती भाषा त्याला वाचता-लिहिता येत होती. पहिलीतल्या मुलाला मराठीचीही बाराखडी नवी. त्याला तीच पद्धत लावली की दोन्हीकडून गोंधळ. म्हणून या उमेदवाराला एवढंच विचारा, ‘त्या सरांची कोणती गोष्ट तुम्ही तुमच्या वर्गात करणार नाही?’ ज्याच्याकडे याचं उत्तर नाही, तो भक्त आहे. भक्ताला शिक्षक करायला वेळ लागतो.

पाचवं कारण दुखण्याचं आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम, अकरावी सायन्सला पहिल्याच दिवशी सगळं इंग्रजीत, पहिल्या चाचणीत आपटी, मग शाखा बदलली. किंवा कुठल्या तरी मुलाखतीत इंग्रजीत प्रश्न आला आणि तोंड उघडलं नाही. ‘माझ्यासारखं दुसऱ्या कुणाचं होऊ नये’ म्हणून यातले काही जण इंग्रजीकडे वळतात. ही ओढ जुनी आहे. सावित्रीबाई फुल्यांनी १८५४ मध्ये छापलेल्या कवितांत इंग्रजीला माउली म्हटलं, त्यामागे भाषेच्या सौंदर्यापेक्षा अपमानातून बाहेर पडण्याची वाट होती. आजही वाड्या-वस्त्यांवरून आलेल्या उमेदवारांत हे कारण खणखणीत असतं, आणि त्यातून फार चांगले शिक्षक निघतात. पण त्यालाही एक उलटी बाजू आहे. ज्याला इंग्रजीने जखम झाली तो मुलांना इंग्रजीपासून वाचवायला लागतो. सगळं मराठीत समजावून देतो, तयार उत्तरं देतो, निबंध पाठ करून घेतो. ‘त्यांना झेपत नाही हो.’ मुलं पास होतात, आणि अकरावीच्या पहिल्या दिवशी तिथेच उभी राहतात जिथे तो उभा होता. तेव्हा दुखणं ऐकून मंडळाने हेलावून जाऊ नये; ‘मग तुम्ही त्यातून कसे बाहेर पडलात, नेमकं काय केलंत?’ हे विचारावं. रोज रात्री रेडिओवरच्या बातम्या ऐकून दोन वाक्यं लिहून काढली, असं काही हाताला लागणारं आलं तर तीच रीत तो मुलांना देईल.

आता ज्या कारणासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते. ‘शिकवता शिकवता माझंही इंग्रजी सुधारेल.’ हे वाक्य चुकून कुणाच्या तोंडून निघालं की मंडळात एकमेकांकडे पाहिलं जातं. म्हणजे याचं स्वतःचंच कच्चं आहे! इतिहासाचा शिक्षक ‘माझा इतिहास सुधारावा म्हणून आलो’ असं म्हणत नाही. पण भाषेचं तसं नसतं. इंग्रजीच्या तासाला शिकवायची वस्तूही इंग्रजी आणि शिकवायचं हत्यारही इंग्रजी, आणि ज्याची ती घरची भाषा नाही त्याचं शिकणं कधी संपतच नाही. आमच्या मते इंग्रजी शिक्षक होण्याचं हे सर्वांत प्रामाणिक आणि सर्वांत टिकाऊ कारण आहे. जो स्वतः अजून शिकतो आहे त्याला अडणं म्हणजे काय हे कालचं आठवतं. तो शब्दकोश उघडतो, मुलांसमोर उघडतो.

हेच कारण शाळा सर्वांत लवकर मारतात. कसं, ते सांगतो. नवा शिक्षक सातवीच्या तीन तुकड्यांना रोज इंग्रजी बोलतो. बोलतो म्हणजे तीच पन्नास-साठ वाक्यं: पुस्तक उघडा, पान अमुक, कोण सांगेल, शांत बसा. स्टाफरूममध्ये इंग्रजीत बोललं तर ‘साहेब आले’ म्हणून टिंगल होते. घरी इंग्रजी नाही. दोन वर्षांत त्याचं इंग्रजी सातवीच्या पुस्तकाएवढं होऊन बसतं, आणि आला तेव्हा जे होतं त्यातलंही थोडं जातं. ज्या आशेने आला ती संपली, मग उरतो पगार. म्हणजे या कारणाला खायला घालावं लागतं. आठवड्यातला एक तास वेळापत्रकात कोरा. एक इंग्रजी वर्तमानपत्र, जे ऑफिसात न राहता स्टाफरूममध्ये येईल. आणि शिक्षकांच्या गटाला जायला कर्तव्यरजा. २०१६ मध्ये राज्य शासन, ब्रिटिश कौन्सिल आणि टाटा ट्रस्ट्स यांनी ‘तेजस’ प्रकल्प सुरू केला, त्याचा कणाच असे गट होते, टॅग म्हणायचे त्यांना. आसपासच्या शाळांतले इंग्रजी शिकवणारे एकत्र बसून इंग्रजीतच आपापल्या वर्गांबद्दल बोलत. असा गट तालुक्यात पाच-सहा शाळांनी मिळून करायला सरकारी प्रकल्पाची वाट बघावी लागत नाही.

कारणं इतकी. पण नुसतं बोलण्यावरून ती ताडता येत नाहीत, म्हणून उमेदवाराच्या हातात काहीतरी द्या. वहीसारखी दुसरी चाचणी नाही. तुमच्याच शाळेतल्या सातवीच्या तीन वह्या घ्या, नावं झाका, आणि हातात देऊन दहा मिनिटं गप्प बसा. त्यात अशी वाक्यं सापडतीलच: ‘आय ॲम गो टू मार्केट’, ‘ही डिड नॉट वेंट’, ‘माय फादर हॅज टू बुलॉक’, ‘वुई डिस्कस्ड अबाउट द ट्रिप’. उमेदवाराला या चुका दुरुस्त करायला लावू नका, ते गाइडही करतं. विचारा, ‘मूल असं का म्हणालं असेल?’

‘ग्रामर कच्चं आहे’ हे उत्तर नव्हे. पहिलीत मुलाला सर्वांत आधी काय शिकवलं? ‘आय ॲम राहुल.’ त्याने अर्थ लावला, ‘आय ॲम’ म्हणजे ‘मी’. मग ‘मी बाजारात जातो’चं ‘आय ॲम गो’ होणं हे अगदी तर्कशुद्ध आहे. ‘तो गेला नाही’ या मराठी वाक्यात भूतकाळ ‘गेला’मध्येच असतो, ‘नाही’ नुसतं शेजारी येऊन बसतं. म्हणून इंग्रजीतही ‘वेंट’ जागचं हलत नाही. मराठीत एक बैल, दोन बैल. शब्द बदलत नाही, मग ‘टू’ म्हटल्यावर आणखी ‘स’ कशाला लावायचा? आणि ‘सहलीबद्दल चर्चा’ केली तर ‘बद्दल’ला इंग्रजीत काहीतरी नको का? यातल्या दोन जागा जरी उमेदवाराने स्वतः पकडल्या, तरी कळतं की याला मुलाच्या डोक्यात डोकावायची खोड आहे. मघाशी म्हटलेली सफाईदार बोलणारी शिक्षिका इथे अडते, आणि अडखळत बोलणारा मराठी माध्यमातला मुलगा भराभर बोलू लागतो, असं होऊ शकतं. आणि एक पोटप्रश्न ठेवा: ‘आज यातल्या कोणत्या दोनच चुका हाताळाल?’ जो सगळ्याच लाल करतो त्याच्या वहीतलं मूल पुढच्या वेळी कमी लिहितं. चुका कमी करायचा मुलांकडे तोच एक सोपा मार्ग असतो.

त्यानंतर पाठ, आणि तो खऱ्या मुलांसमोर. मंडळातल्या लोकांनी मुलं होऊन बसण्याचा प्रकार बंद करा. पन्नाशीचे सचिव ‘सर, मला येतं’ म्हणून हात वर करतात, त्यातून काही कळत नाही. सातवीची वीस मुलं, पंधरा मिनिटं, पाठ्यपुस्तकातला सात-आठ ओळींचा उतारा, उमेदवाराला अर्धा तास आधी दिलेला. मंडळातल्या एकाने फक्त रेघा ओढायच्या: वेगवेगळ्या किती मुलांनी इंग्रजीत निदान एक वाक्य उच्चारलं? दुसऱ्याने प्रश्न विचारल्यावर उमेदवार किती थांबतो ते मनात एक-दोन-तीन म्हणत मोजायचं. बहुतेक शिक्षक एक सेकंदही थांबत नाहीत, स्वतःच उत्तर देतात. तीन सेकंद थांबणाऱ्याच्या वर्गात मागच्या बाकावरचं मूल बोलतं. उमेदवाराच्या उच्चारात ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ दोन्हींचा ‘व’ एकच असला तरी चालेल. वीसपैकी तिघांनीच तोंड उघडलं असेल तर मात्र तो पाठ नव्हता, भाषण होतं.

या सगळ्याला माणशी चाळीस-पंचेचाळीस मिनिटं लागतात. एका दिवसात सहा-सात उमेदवार. चाळीस जणांना दहा-दहा मिनिटांत उरकण्यापेक्षा आधी अर्ज छाटा.

आता एक तक्रार, आणि ती तुमच्याबद्दलच आहे. तुमच्या शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्यांपैकी कितीजणांना तो प्रश्न कधी विचारलाच गेला नाही, मोजून बघा. उच्च प्राथमिकला नियमाने ‘भाषा’ विषयाचा शिक्षक असतो. त्याची पदवी मराठीची असो की हिंदीची, इंग्रजीही त्याच्याच गळ्यात. माध्यमिकला तर इतिहासाच्या शिक्षकाचा वर्कलोड भरत नाही म्हणून आठवी ‘ब’ची इंग्रजी त्याला. त्याने इंग्रजीचा शिक्षक व्हायचं कधी ठरवलंच नव्हतं. बिचारा गाइड घेऊन वर्गात जातो आणि तोही दुःखी, मुलंही दुःखी. सक्ती टळत नसेल तर निदान जूनमध्ये तीन-चार जणांना एकत्र बसवून विचारा, यातला कोण इंग्रजी आपणहून घेईल? कुणीतरी असतंच. बहुधा गणिताची एखादी मॅडम, जी घरी इंग्रजी कादंबऱ्या वाचते आणि स्टाफरूममध्ये सांगत नाही.

निवडलेल्या माणसाच्या पहिल्या वर्षाबद्दल थोडंच सांगतो, कारण बाकी तुम्हाला ठाऊक आहे. चार तुकड्या, पन्नास-पन्नास मुलं, म्हणजे दोनशे वह्या. नुसती सही करायची तर वहीला एक मिनिट धरून तीन तास वीस मिनिटं. खरोखर वाचायची तर तीन मिनिटं, म्हणजे दहा तास. दर आठवड्याला दोनशे वह्या तपासलेल्या पाहिजेत असा हुकूम काढला की तो सहीच करणार, आणि मुलाखतीत ‘आय ॲम गो’चं कोडं सोडवणारा तोच माणूस ते कोडं बघायचं थांबवणार. आठवड्याला एकच तुकडी नीट वाचू द्या. दुसरं, दहावीला तोंडी परीक्षेचे २० गुण आहेत. मुलांना बोलतं करायच्या इराद्याने आलेल्या शिक्षकाला फेब्रुवारीत कुणी सांगितलं की ‘सगळ्यांना अठरा-एकोणीस टाका, वेळ घालवू नका’, तर त्याला शाळेचं खरं मत त्या दिवशी कळतं. दहावीच्या तुकडीत पन्नास मुलं, प्रत्येकी पाच मिनिटं. रोज एका तासाला सहा-सात मुलं घेतली तर आठ दिवसांचं काम आहे. तेवढे आठ तास त्याला द्या.

मुलाखतीच्या दिवसासाठी शेवटची विनंती. फळा पुसून ठेवा, खडू ओले नसावेत. आणि सातवीची ती वीस मुलं हुशार म्हणून निवडून आणू नका. हजेरीपटावरचा दर तिसरा क्रमांक घ्या.

आपले,
इंग्रजी अध्यापन पद्धती शिकवणारे काही प्राध्यापक आणि विषयतज्ज्ञ